खिळ्याचं डोकं की गोळीचं भोक? ब्लॅक पँथर चळवळीचे फोटो कसे वाचायचे

११ डिसेंबर १९६९ च्या 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये एका स्वयंपाकघराच्या दाराचा फोटो छापून आला. दारावर काळे ठिपके दिसत होते. फोटो पुरवला होता सरकारी वकिलांच्या कार्यालयाने. त्यांचा दावा असा, की हे ठिपके म्हणजे ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन पक्षाच्या पोरांनी पोलिसांवर झाडलेल्या गोळ्यांची भोकं. 'सन-टाइम्स' या दुसऱ्या वर्तमानपत्राच्या बातमीदारांनी लगोलग त्या घरात जाऊन दार जवळून पाहिलं. ते ठिपके म्हणजे खिळ्यांची डोकी होती.

यात लबाडी किती आणि घाई किती, हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. असली चूक फोटोत खपते कशी, ते आधी बघू. उजेड समोरून, कॅमेऱ्याच्याच बाजूने पडला की उंचवटा आणि खड्डा दोन्ही सपाट होतात. मागे उरतो नुसता काळा ठिपका. त्यात वर्तमानपत्राची छपाई. त्या काळी स्वस्त कागदावर फोटो साधारण ६५ रेषांच्या जाळीतून छापत, म्हणजे एका इंचात जेमतेम ६५ ठिपके. आख्खं दार तीन इंचांत बसवलं, तर एका खिळ्याच्या वाट्याला धड एक ठिपकाही येत नाही. वाचकाला दिसतो तो डाग, आणि त्या डागाचं काय समजायचं ते फोटोओळ सांगते.

हाच फोटो उजेड एका बाजूने, दाराला घासून जाईल असा टाकून काढला असता तर घोटाळा झालाच नसता. बॅटरी डावीकडे धरा. खिळ्याचं डोकं डावीकडून उजळेल आणि त्याची सावली उजवीकडे पडेल. भोकाचं नेमकं उलटं: डावी कड काळी, आणि उजेड आतल्या उजव्या कडेवर. शिवाय लाकडात गोळी शिरते त्या बाजूचं भोक लहान आणि कडा बऱ्यापैकी स्वच्छ असतात; बाहेर पडते तिथे लाकूड फाटतं, ढलप्या निघतात. त्यामुळे दाराचा एकाच बाजूने काढलेला फोटो म्हणजे अर्धा पुरावा. गोळी झाडणारा दाराच्या अलीकडे होता की पलीकडे, हे कळायला दोन्ही बाजू लागतात, आणि खटल्यात नेमका हाच प्रश्न असतो.

२३३७ वेस्ट मन्रो स्ट्रीट

ते दार होतं शिकागोतल्या याच पत्त्यावरचं. हे घर पँथर पक्षाच्या इलिनॉय शाखेचा अध्यक्ष फ्रेड हॅम्प्टन याचं. वय २१. ४ डिसेंबर १९६९ ला पहाटे पावणेपाचच्या सुमारास १४ पोलीस तिथे शिरले. हातात बेकायदा शस्त्रांच्या झडतीचं वॉरंट होतं. हे पोलीस कुक काउंटीचे मुख्य सरकारी वकील एडवर्ड हॅनरहन यांच्या कार्यालयाशी जोडलेले होते. हॅम्प्टन बिछान्यातच मारला गेला. पुढच्या खोलीत २२ वर्षांचा मार्क क्लार्क मारला गेला. इतर चार जण गोळ्या लागून जखमी झाले. वाचलेल्या सातही जणांवर उलट खुनाच्या प्रयत्नाचे गुन्हे लावले गेले; ते पुढे मागे घ्यावे लागले.

नंतर पोलिसांनी घराला सीलच ठोकलं नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पंचनाम्याची जागा वाऱ्यावर सोडून सगळे निघून गेले. पक्षाचे वकील आणि चित्रपट करणारे माईक ग्रे, हॉवर्ड आल्क हे लगेच आत पोचले आणि त्यांनी खोल्या, भिंती, गादी, दारं चित्रित केली. पक्षाने घर लोकांना खुलं केलं. हजारो लोक रांग लावून आतून फिरून गेले. हॅनरहन यांना वर्तमानपत्रात फोटो द्यावे लागले, डब्ल्यूबीबीएम वाहिनीवर घराचा नकली सेट उभारून पोलिसांकडून छाप्याचं 'नाट्य' करवावं लागलं, ते याच दबावापोटी. आणि त्या घाईत खिळे गोळ्या झाले.

अशा जागेचं चित्रण कसं करतात, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खटले इथेच जिंकले-हरले जातात. आधी खोलीच्या चारही कोपऱ्यांतून एकेक फोटो, कशालाही हात न लावता. मग एकेक भिंत किंवा दार, आजूबाजूची ओळखीची वस्तू चौकटीत ठेवून, म्हणजे हे दार कुठलं हे नंतर सांगता यावं. मग एकेका भोकाचा जवळून फोटो. त्यात मोजपट्टी लागतेच, आणि कॅमेरा दाराला अगदी समांतर. कॅमेरा कलला तर गोल भोक लंबगोल दिसतं, आणि लंबगोल भोक म्हणजे तिरकी गोळी असा चुकीचा अर्थ निघतो. शेवटी भोकातून सरळ काठी किंवा ताणलेली दोरी घालून गोळीची दिशा दाखवायची आणि ती बाजूने व वरून टिपायची. प्रत्येक रोलला क्रमांक, प्रत्येक फ्रेमसमोर वहीत वेळ, खोली आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते. रोल ३६ फ्रेमचा. चार खोल्यांच्या घराला दहा-बारा रोल सहज लागतात.

चुका नेहमीच्याच असतात. लोक थेट जवळचे फोटो काढतात, कारण तेच थरारक वाटतात. सहा महिन्यांनी वकील विचारतो, "हे कुठल्या दाराचं भोक?" आणि उत्तर देणारं कोणी नसतं. वाईड लेन्सने छोटी खोली ऐसपैस दिसते आणि अंतरांचा हिशेब चुकतो. आणि घर खुलं ठेवण्याची किंमतही असतेच: हजारो माणसं फिरून गेलेल्या घरातली कुठली वस्तू मुळात कुठे होती, हे पहिल्या काही तासांतल्या फोटोंशिवाय कोणीच शपथेवर सांगू शकत नाही.

१९७० च्या मे महिन्यात फेडरल ग्रँड ज्युरीचा, म्हणजे खटला भरण्याजोगा पुरावा आहे का ते तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा, अहवाल आला. त्यानुसार पोलिसांनी ८२ ते ९९ गोळ्या झाडल्या होत्या, आणि पँथरांकडून सुटलेली गोळी होती एक. हॅनरहन यांच्यावर न्यायात अडथळा आणल्याचा खटला चालला, त्यात ते १९७२ मध्ये निर्दोष सुटले. लगेचच्या निवडणुकीत मात्र मतदारांनी त्यांना घरी बसवलं. नातेवाईक आणि वाचलेल्यांचा दिवाणी दावा १९८२ पर्यंत रखडला आणि १८ लाख ५० हजार डॉलरवर मिटला. केंद्र सरकार, काउंटी आणि शहर यांनी ही रक्कम वाटून भरली.

त्या दाव्यात पुढे आलेला सगळ्यात बोलका पुरावा मात्र फोटो नव्हता. तो होता त्या घराचा हाताने काढलेला नकाशा. हॅम्प्टनचा बिछाना कुठे, हे त्यावर दाखवलेलं. तो एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेच्या अधिकाऱ्यापर्यंत पोचवला होता विल्यम ओ'नील याने. हा पक्षातच सुरक्षेचं काम पाहणारा माणूस, आणि एफबीआयचा खबऱ्या. छाप्यानंतर त्याला ३०० डॉलर बक्षीस मिळालं.

फाइलमध्ये चालणारी दडपशाही

ब्लॅक पँथर पक्ष ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी काढला. सुरुवात झाली पोलिसांवर पाळत ठेवण्यापासून: कायद्याने परवानगी असलेल्या बंदुका उघड हातात धरायच्या, कायद्याचं पुस्तक सोबत ठेवायचं आणि कृष्णवर्णीय वस्तीत पोलीस कोणाला अडवतात ते ठराविक अंतरावरून बघायचं. त्यावर राज्य सरकारने भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी घालणारा कायदा आणला. २ मे १९६७ ला पँथर त्याचा निषेध करायला बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात गेले. वार्ताहर तिथे दुसऱ्याच कामासाठी, गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्यासाठी जमले होते. एका दिवसात पँथरांचे फोटो देशभर पोचले. कायदा पास व्हायचा तो झालाच.

एफबीआयचा 'कोइंटेलप्रो' हा कार्यक्रम १९५६ पासून अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाविरुद्ध चालू होता. ऑगस्ट १९६७ मध्ये तो कृष्णवर्णीय संघटनांकडे वळवला गेला. सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालच्या सिनेट समितीने १९७६ च्या अहवालात हिशेब मांडला: कृष्णवर्णीय संघटनांविरुद्ध मंजूर झालेल्या २९५ कारवायांपैकी २३३ एकट्या पँथर पक्षाविरुद्ध होत्या. काय असायचं त्यात? निनावी पत्रं, दोन गटांना एकमेकांविरुद्ध भडकवणारी खोटी व्यंगचित्रं, नवराबायकोत संशय पेरणारे मजकूर, घरमालकांना आणि देणगीदारांना घाबरवणं. हे सगळं बंद खोलीत टाइपरायटरवर चालायचं. त्याचा फोटो कोण काढणार? ते बाहेर आलं कागद चोरल्यामुळे. ८ मार्च १९७१ च्या रात्री काही नागरिकांनी पेनसिल्व्हेनियातल्या 'मीडिया' नावाच्या गावातलं एफबीआयचं छोटं कार्यालय फोडलं आणि फाइली वर्तमानपत्रांना पाठवल्या. पुढच्याच महिन्यात हा कार्यक्रम कागदोपत्री बंद करण्यात आला.

म्हणून या चळवळीचे फोटो चाळताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. फोटोत दिसतात ते दडपशाहीचे परिणाम: फुटलेली काच, अंत्ययात्रा, कोर्टाच्या पायऱ्या. कृती तिथे नसते. 'हिंसक पँथर' आणि 'हिंसक पोलीस' अशी दोनच पात्रं दिसतात आणि तिसरं पात्र, टेबलामागे बसलेलं, चौकटीबाहेर राहतं. अनेक प्रदर्शनांत एफबीआयच्या मेमोंच्या प्रती फोटोंशेजारी लावतात. तसं केल्याशिवाय फोटो अर्धवट कळतात.

मित्रांचे कॅमेरे

पक्षाला आपलं रूप कसं दिसतं याचं भान पहिल्यापासून होतं. काळं लेदर जॅकेट, काळी बेरे टोपी, फिकट निळा शर्ट. ह्यूई न्यूटनचा वेताच्या भल्यामोठ्या खुर्चीत बसलेला, एका हातात बंदूक आणि दुसऱ्यात भाला धरलेला १९६७ चा फोटो ठरवून, मांडणी करून काढलेला आहे. ती मांडणी पक्षाचा नेता एल्ड्रिज क्लीव्हर याची. त्याला 'डॉक्युमेंटरी' म्हणू नये. ते पोस्टर आहे, आणि पोस्टर म्हणून अफलातून आहे.

आतून काढलेले फोटो वेगळे. बर्कलीत शिकणारा स्टीफन शेम्स एप्रिल १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या युद्धविरोधी मोर्चात बॉबी सीलला भेटला आणि १९७३ पर्यंत पक्षासोबत राहिला. त्याच्या फोटोंत सभा आहेतच, पण कंटाळा आहे, पेपरचे गठ्ठे बांधणं आहे, पोरं सांभाळणं आहे. असे फोटो काढायला कॅमेऱ्यापेक्षा वेळ जास्त लागतो. ओळखीचा झालेला फोटोग्राफर खोलीत आहे हे लोक विसरतात, तेव्हा कुठे खरं काम सुरू होतं.

पर्कल जोन्स आणि रूथ-मॅरियन बरूक हे गोरं जोडपं. त्यांनी पक्षाची नेती कॅथलीन क्लीव्हर हिच्याशी बोलून परवानगी मिळवली आणि जुलै ते ऑक्टोबर १९६८ एवढ्या चार महिन्यांत काम केलं. डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन लागलं आणि एक लाखाहून जास्त लोकांनी ते पाहिलं. ज्या शहरांत पँथरांची ओळख फक्त बंदुकीच्या फोटोने झाली होती, तिथल्या लोकांनी वडिलांच्या खांद्यावर बसलेली मुलं आणि झाडाखाली सभा ऐकणाऱ्या बाया पाहिल्या.

जोन्सचा एक फोटो सावकाश बघण्यासारखा आहे. ८ सप्टेंबर १९६८ ला न्यूटन एका पोलिसाच्या मृत्यूप्रकरणी सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरला. (पुढे १९७० मध्ये वरच्या कोर्टाने ही शिक्षा रद्द केली.) १० तारखेच्या पहाटे ऑकलंडच्या दोन पोलिसांनी पक्षाच्या मुख्य कार्यालयाच्या दर्शनी काचेवर गोळ्या झाडल्या. सकाळी जोन्सने ती काच टिपली. काचेत लावलेली पोस्टरं गोळ्यांनी फाटलेली, त्यात वेताच्या खुर्चीतला न्यूटनही. म्हणजे हा फोटोवर झाडलेल्या गोळ्यांचा फोटो आहे. चौकटीत माणूस एकही नाही. जोन्सने कॅमेरा जवळजवळ सरळ समोर धरलाय, कुठेही नाट्यमय कोन नाही, त्यामुळे भोकं मोजता येतात. आणि फोटोओळीत तारीख, जागा आणि 'दोन पोलिसांच्या गोळ्यांनी' हे स्पष्ट लिहिलंय. कर्ता न लपवणारी फोटोओळ किती दुर्मीळ असते, ते रोजचा पेपर वाचणाऱ्याला सांगायला नको.

काळी जॅकेट, पांढरं कोर्ट

आता थोडं तंत्राचं. हे फोटो बहुतेक ३५ मिलीमीटर कृष्णधवल फिल्मवरचे, आणि त्या काळातली कामाची फिल्म म्हणजे ४०० एएसएची ट्राय-एक्स (एएसए म्हणजे फिल्मची उजेड टिपण्याची क्षमता). भर उन्हात तिला लेन्सचं एफ-१६ इतकं लहान तोंड आणि सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. चर्चच्या तळघरात ट्यूबलाइटखाली मुलं नाश्ता करताहेत, तिथे एफ-२.८ आणि तिसावा भाग. म्हणजे हललेला हात हमखास धूसर. त्यावर उपाय म्हणून फिल्म १६०० धरून वापरायची आणि डेव्हलपरमध्ये साधारण ४०-५० टक्के जास्त वेळ ठेवायची. पण यात सावलीतला तपशील परत मिळत नाही. काळी जॅकेट एकसंध काळी होतात, दाणा मोठा होतो.

खरी अडचण लाइटमीटरची, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्राची. मीटर समोर जे काही दिसेल ते सरासरी मध्यम करडं आहे असं गृहीत धरतं. कोर्टाच्या पांढऱ्या पायऱ्यांवर ओळीने उभे असलेले पँथर घ्या. चौकटीत पांढरा दगड जास्त, म्हणून मीटर उजेड कमी करायला सांगतं आणि चेहरे कोळशासारखे येतात. उलट चौकट काळ्या जॅकेटांनीच भरली तर मीटर उजेड वाढवायला सांगतं आणि आकाश, फलकावरची अक्षरं उडून जातात. उपाय साधा आहे: जवळ जाऊन चेहऱ्यावरच मीटर लावायचा आणि सावळ्या-काळ्या त्वचेसाठी आलेल्या आकड्यापेक्षा साधारण एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड द्यायचा. जवळ जाता येत नसेल तर त्याच उजेडात आपला उघडा तळवा धरून मोजायचं आणि एक स्टॉप वाढवायचा. जोन्स हा नामांकित फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्सचा सहायक राहिलेला, त्याला हे बोटांवर होतं. त्याच्या प्रिंटमध्ये काळ्या चेहऱ्यावर काळी टोपी असूनही दोन्ही वेगवेगळे दिसतात.

घाईत असलेल्या दैनिकांच्या फोटोग्राफरला इतकी उसंत नसे. चुकलेल्या निगेटिव्हवरून कडक प्रिंट मारली जाई, मग ती ६५ च्या जाळीतून छापली जाई. परिणामी डोळे आणि दात एवढेच पांढरे उरलेले चेहरे. हा वर्णद्वेष होता की तंत्राची मर्यादा? दोन्ही. तंत्राची मर्यादा ओलांडायची तसदी कोणासाठी घ्यायची, हे माणसंच ठरवत होती.

पक्षाच्या स्वतःच्या 'द ब्लॅक पँथर' या साप्ताहिकाची छपाईही स्वस्तातली होती, बहुधा काळा आणि आणखी एक रंग. एमरी डग्लस या पक्षाच्या चित्रकाराने त्यावर तोड काढली: जाड रेषा, सपाट रंग, फोटोंची कापून केलेली कोलाज. २५ सेंट किमतीच्या या पेपरचा खप ऐन भरात आठवड्याला एक लाखाच्या वर होता. फोटो बारीक तपशिलावर जगतो आणि वाईट छपाईत मरतो. डग्लसच्या चित्रांना वाईट छपाईचं काहीच वाटत नसे.

नाश्त्याचे फोटो

जानेवारी १९६९ मध्ये ऑकलंडच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये पक्षाने शाळेआधी मुलांना मोफत नाश्ता द्यायला सुरुवात केली. थोड्याच काळात ही केंद्रं देशभर पसरली. मे महिन्यात एफबीआयचे संचालक एडगर हूव्हर यांनी आपल्या कार्यालयांना कळवलं, की पँथरांना संपवण्याच्या प्रयत्नांना सगळ्यात मोठा धोका आहे तो या नाश्त्याचाच, कारण त्यातून पक्षाला समाजात मान मिळतो. बंदुकीपेक्षा भरल्या थाळीची भीती जास्त, असा हा सरळ हिशेब आहे.

बंदुकीचे फोटो हजारदा छापले गेले. नाश्त्याचे फोटो त्या मानाने फार कमी, आणि तेही बहुतेक शेम्ससारख्या आतल्या माणसांचे. पक्षाच्या दवाखान्यांचे, सिकलसेल तपासणीचे, मार्च १९७२ मध्ये ऑकलंडच्या सभेत वाटलेल्या हजारो किराणा पिशव्यांचे फोटो पहायचे तर अजूनही संग्रह धुंडाळावे लागतात. बायकांचंही तसंच. रोजचं काम रेटणाऱ्या बाया फोटोत कडेला दिसतात. शेम्स आणि पक्षाच्या नेत्या एरिका हगिन्स यांचं फक्त पँथर स्त्रियांवरचं फोटोपुस्तक यायला २०२२ साल उजाडलं, यावरून काय ते समजा.

काही दृश्यांचा तर फोटोच नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये शिकागोच्या फेडरल कोर्टात न्यायमूर्ती ज्युलियस हॉफमन यांनी बॉबी सीलला खुर्चीला बांधून तोंडात बोळा कोंबायचा हुकूम दिला. सील आपला वकील मागत होता किंवा स्वतः उलटतपासणी करू द्या म्हणत होता. फेडरल कोर्टात कॅमेऱ्याला बंदी. जगाने ते पाहिलं ते कोर्टात बसणाऱ्या चित्रकारांच्या रेखाटनांतून. आज इंटरनेटवर 'सीलचा त्या दिवशीचा फोटो' म्हणून काही दिसलं तर तो चित्रपटातला तरी असणार किंवा यंत्राने बनवलेला.

उलट बाजूला ३१ ऑगस्ट १९७० चं फिलाडेल्फिया. पोलीस आयुक्त फ्रँक रिझ्झो यांच्या माणसांनी पहाटे पक्षाच्या कार्यालयांवर छापे घातले आणि पकडलेल्यांना भर रस्त्यात भिंतीकडे तोंड करून कपडे उतरवायला लावले. तो फोटो 'फिलाडेल्फिया डेली न्यूज'मध्ये आला आणि जगभर गेला. तिथे कॅमेऱ्याला कोणी अडवलं नाही. अपमान दिसावा हीच इच्छा असेल तर फोटोग्राफर अडचणीचा नसतो, उपयोगाचा असतो. हा फोटो आज पुन्हा छापताना चेहरे ओळखू येतात का, आपण अपमान दाखवतोय की पुन्हा करतोय, हे संपादकाने स्वतःला विचारायलाच हवं. पुढच्याच वर्षी रिझ्झो महापौरपदी निवडून आले.

तीच निगेटिव्ह, दुसऱ्या कपाटात

पोलीसही फोटो काढत होते. न्यूयॉर्क पोलिसांच्या पाळत-पथकाने ६० आणि ७० च्या दशकांत मोर्चांचे असंख्य फोटो जमवले. त्यांतले काही आज शहराच्या पुराभिलेखागारात पाहायला मिळतात. एफबीआयने कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांच्या फोटोंचा अल्बमच करून आपल्या कार्यालयांत फिरवला होता. पाळतीचा फोटो ओळखायच्या खुणा आहेत: लांबच्या लेन्सने काढलेला, बहुधा खिडकीतून किंवा गाडीतून, कृतीपेक्षा चेहऱ्यांवर रोख, एकाच जागेवरून ओळीने घेतलेल्या फ्रेमा, आणि डोक्यांवर शाईने आकडे. आकड्यांची यादी मागच्या बाजूला.

आणि मित्राचा फोटोही तिथे पोचू शकत होता. मेम्फिसचे अर्नेस्ट विदर्स हे नागरी हक्क चळवळीचे नामांकित कृष्णवर्णीय फोटोग्राफर. १९६८ च्या सफाई कामगार संपातला, 'मी माणूस आहे' असे फलक घेतलेल्या रांगेचा तो प्रसिद्ध फोटो त्यांचाच. त्यांचं निधन २००७ मध्ये झालं. २०१० मध्ये तिथल्या 'कमर्शियल अपील' दैनिकाने उघड केलं, की ते एफबीआयचे खबरे होते. एका सरकारी कागदावर त्यांचा गुप्त क्रमांक, एमई ३३८-आर, खोडायचा राहून गेला होता. 'इन्व्हेडर्स' या स्थानिक कृष्णवर्णीय तरुणांच्या गटाची माहिती आणि फोटो त्यांनी पुरवले होते. फोटो चांगलेच होते, आजही आहेत. फक्त एकाच निगेटिव्हवरची एक प्रिंट वर्तमानपत्रात जायची आणि दुसरी फाइलीत.

सरकारला सगळं असं गुपचूपच मिळवावं लागे असंही नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे बातमीदार अर्ल कॉल्डवेल यांना पँथरांशी झालेल्या बोलण्याच्या नोंदी घेऊन ग्रँड ज्युरीसमोर या, असं १९७० मध्ये फर्मान निघालं. त्यांनी नकार दिला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की पत्रकार म्हणून अशी सूट मिळत नाही. नोंदवह्या मागता येतात तर न छापलेल्या निगेटिव्हही मागता येतात, हे त्या वेळी प्रत्येक फोटोग्राफरला कळलं. छापलेला फोटो एक, आणि काँटॅक्ट शीटवर (अख्ख्या रोलच्या छोट्या प्रिंटांच्या कागदावर) उरलेले ३५: कोण कोणाशेजारी उभं होतं, कोण मागच्या दाराने आलं, सगळं त्यात.

इथे एक पेच आहे, तो सुटत नाही. इतिहासकाराला हवी असते पूर्ण फोटोओळ: नाव, जागा, तारीख, वेळ. पाळत ठेवणाऱ्यालाही नेमकी तीच हवी असते. अशा वेळी कामाची पद्धत अशी असते, की फोटोवर फक्त क्रमांक टाकायचा, नावांची वही वेगळ्या जागी ठेवायची आणि संबंधित लोकांना धोका उरला नाही असं वाटलं की मगच दोन्ही जोडायचं. वही हरवली तर चळवळ निनावी होते. हेही खूपदा घडलंय.

आपल्याकडचं पँथर

१९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी उभी केलेली दलित पँथर हे नाव ऑकलंडवरूनच आलं. १९७४ च्या जानेवारीत वरळीची दंगल झाली, परळच्या मोर्चात भागवत जाधव यांचा जीव गेला. त्या काळचे फोटो कुठे कुठे आहेत? दैनिकांच्या जुन्या कपाटांत, आणि घरोघरी बिस्किटांच्या डब्यांत.

शेम्सचा संग्रह आज टेक्सास विद्यापीठाच्या ब्रिस्को केंद्रात आहे, जोन्स-बरूक यांचा सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. तिथे निगेटिव्ह थंड आणि कोरड्या खोलीत राहतात. मुंबई-कोकणात अॅसिटेट फिल्मला (त्या काळच्या निगेटिव्ह बहुधा याच प्लास्टिकच्या) दमट हवा खाते. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म सडायला लागली आहे, आणि ती बाकीच्यांनाही लावेल. ती आधी वेगळी काढा आणि सगळ्यात आधी तिचंच स्कॅन करा. पीव्हीसीच्या अल्बमातून सगळं बाहेर काढा. आम्लरहित कागदाची पाकिटं नसतील तर पॉलिप्रॉपिलीनची चालतात. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत ठेवायची: हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की ते बदलायचं. प्रिंटच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ शिसपेन्सिल, कडेला, हलक्या हाताने. मागे आधीपासून काही लिहिलेलं किंवा शिक्का असेल तर स्कॅन करताना मागची बाजूही करा. आणि फोटोतल्या कोणाला ओळखणारी माणसं आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत, तेव्हा स्कॅनरच्याही आधी त्यांच्याकडे जा.